धावपट्टी दिसली नाही, तर परत फिरा

माझा एक जुना मित्र विमान उडवायला शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी त्याच्याबरोबर राज्यातल्या एका लहान धावपट्टीच्या कडेला उभा होतो. त्याचा विद्यार्थी दोन आसनी विमानात एकटाच सर्किट मारत होता, म्हणजे उडायचं, गोल फेरी घ्यायची, उतरायचं आणि पुन्हा उडायचं. आठच्या सुमारास वारा आडवा झाला. खांबावरचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, टम्म फुगून धावपट्टीला काटकोनात उभा राहिला. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आलं. चाकं जमिनीपासून घराच्या एका मजल्याइतकी वर असताना डावा पंख खाली झुकला, नाक एका बाजूला सरकलं आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज चढला. विमान आमच्या डोळ्यांसमोरून, न टेकता, पुढे निघून गेलं. पाच-सात मिनिटांनी फेरी पूर्ण करून मुलगा परत आला आणि या वेळी व्यवस्थित उतरला.

विमान उभं करून तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याचे पहिले शब्द होते, "सॉरी सर."

मित्रानं विचारलं, "कशाबद्दल?"

मुलगा जरा थांबला. "पहिलं लँडिंग नाही झालं. सगळे बघत होते."

सगळे म्हणजे आम्ही दोघं, एक मेकॅनिक आणि कुंपणापलीकडे शेळ्या घेऊन थांबलेली एक बाई. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलानं त्या सकाळी करता येण्याजोगी सर्वांत योग्य गोष्ट केली होती आणि त्याला ती हार वाटत होती. लहान विमानाच्या अपघाताची बातमी आली की मला तो 'सॉरी' आठवतो. उतरण्याच्या प्रयत्नात झालेल्या कित्येक अपघातांच्या मुळाशी हाच संकोच असतो. परत फिरणं म्हणजे कमीपणा, ही समजूत वैमानिकाच्या मनात आपण सगळ्यांनी मिळून घातली आहे आणि ती काढायची जबाबदारीही त्याच्या एकट्याची नाही, असं माझं ठाम मत आहे.

29 नोव्हेंबर 1975 ची रात्र घ्या. ग्रॅहम हिल हे नाव मोटारशर्यतींचा नाद असलेल्यांना सांगायला नको. 1962 आणि 1968 चा फॉर्म्युला वन विश्वविजेता, मोनॅकोची शर्यत पाचदा जिंकलेला माणूस. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं शर्यतींतून निवृत्ती घेतली होती. स्वतःचा संघ त्यानं त्याआधीच उभा केला होता. दक्षिण फ्रान्समधल्या पॉल रिकार्ड ट्रॅकवर नव्या गाडीची चाचणी आटोपून तो आपल्या पायपर ॲझ्टेक या दोन इंजिनांच्या लहान विमानातून संघाच्या पाच जणांसह परतत होता. विमान तो स्वतः चालवत होता. उतरायचं होतं लंडनच्या उत्तरेला एलस्ट्री इथं, नेहमीच्या, घराजवळच्या छोट्या विमानतळावर. रात्र झाली होती आणि दाट धुकं पडलं होतं. धावपट्टीपासून काही किलोमीटर अलीकडे, आर्कलीच्या गोल्फ मैदानावर विमान झाडांना धडकलं आणि पेटलं. सहाही जण गेले. त्यांत टोनी ब्राइझ हा तेवीस वर्षांचा, ज्याच्याकडे इंग्लंड पुढचा विजेता म्हणून बघत होतं असा ड्रायव्हरही होता.

विमान एवढं खाली का आलं, याचं ठाम उत्तर तपासाला मिळालं नाही. वैमानिकाची चूक हीच सर्वांत संभाव्य शक्यता मानली गेली. पण तपासात जे कागद समोर आले ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. विमानाची अमेरिकी नोंदणी रद्द झालेली होती. विमानावर जुना क्रमांक होता, पण कायद्याच्या लेखी ते विमान कुठल्याच देशाचं नव्हतं. अशा हवेत केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्यासाठी लागणारी हिलची मानांकनं मुदत संपून बाद झाली होती. म्हणून विमाही लागू झाला नाही. मृतांच्या नातेवाइकांनी भरपाईचे दावे केले आणि हिलच्या घरावर आर्थिक संकट कोसळलं. त्याचा मुलगा डेमन पुढे 1996 मध्ये स्वतः विश्वविजेता झाला, पण त्याआधी त्यानं मजुरी केली, मोटारसायकलवरून पाकिटं पोचवण्याचं काम केलं.

हिल बेफिकीर होता असं म्हणून हा विषय संपवता येईल, पण तेवढ्यानं काही हाती लागत नाही. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगात क्षणाक्षणाला अचूक निर्णय घेणारा माणूस तो. मग त्या रात्री त्यानं दुसऱ्या, यंत्रांच्या साहाय्यानं उतरता येईल अशा मोठ्या विमानतळाची वाट का धरली नाही? त्याच्या मनात काय चाललं होतं ते कुणालाच कळणार नाही. पण ओढ कसली असते ते आपल्याला ओळखीचं आहे. गोठा जवळ आला की दमलेला बैलही पाय उचलतो. दिवसभराचं काम झालेलं, गाड्या एलस्ट्रीला उभ्या, घर अर्ध्या तासावर. अशा वेळी आणखी तास-दीड तास लांबचं काही करायचं म्हणजे आपल्याच लोकांना त्रास देतोय असं वाटतं. वैमानिकांच्या बोलीत या ओढीला इंग्रजीत रोगासारखं नावच आहे. नाव देऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली असतील, रोग गेलेला नाही.

उतरणं अवघड का, हे थोडं समजून घ्यायला हवं. वर असताना विमानाकडे वेग आणि उंची या दोन ठेवी असतात. चूक झाली तर त्यांतली एक मोडून दुसरी सांभाळता येते. उतरताना वैमानिक मुद्दामच दोन्ही ठेवी खर्च करत आणतो. धावपट्टीशी पोचेपर्यंत हातात जवळजवळ काही उरत नाही. त्यात ढग खाली आलेले, पाऊस, आडवा वारा, नजर सारखी बाहेर, काहीतरी दिसतंय का ते शोधत. या गडबडीत वेग थोडा जास्त उतरला, वळण थोडं जास्त तिरकं झालं, की पंखांवरची हवेची पकड सुटते. याला स्टॉल म्हणतात. दहा हजार फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला वेळ असतो. तीनशे फुटांवर नसतो.

25 ऑक्टोबर 2002 ला अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असंच झालं. सेनेटर पॉल वेलस्टोन, त्यांची पत्नी, मुलगी आणि तीन सहकारी एका अंत्यविधीला निघाले होते. निवडणूक अकरा दिवसांवर होती. किंग एअर जातीचं लहान विमान, दोन वैमानिक, एव्हलेथचा आडबाजूचा विमानतळ, खाली उतरलेले ढग. धावपट्टीच्या जवळ येता येता वेग घसरत गेला, स्टॉल झाला आणि विमान जंगलात पडलं. आठही जण गेले. अमेरिकेच्या तपास मंडळानं कारण दिलं: वैमानिकांनी पुरेसा वेग राखला नाही. विमानात दोघे वैमानिक असूनही घसरता वेग वेळेत सावरला गेला नाही.

हे कारण खरं आहे. तेवढंच पुरेसं आहे का, हा माझा प्रश्न आहे.

लहान विमानाच्या आतली जागा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही. मोठ्या प्रवासी विमानात वैमानिक आणि प्रवासी यांच्यामध्ये कुलूपबंद दार असतं. प्रवाशांनी कितीही घड्याळं बघितली तरी वैमानिकाला ती दिसत नाहीत. सहा-आठ आसनी विमानात फार तर एक पडदा असतो, तोही बहुतेक वेळा बाजूला सारलेला. ज्यानं विमान भाड्यानं घेतलं, ज्याच्या एका फोनवर उद्याचं कंत्राट अवलंबून आहे, तो माणूस पाठीमागे हाताच्या अंतरावर बसलेला असतो. तो काही बोलतो असंही नाही. तो फक्त खिडकीतून खाली बघतो, मग घड्याळाकडे. लग्न, सभा, शस्त्रक्रिया, करारावरची सही, काहीही असेल. वैमानिकाला ते सगळं पाठीत जाणवतं. माझा मित्र चार्टर कंपनीत, म्हणजे विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपनीत होता तेव्हाची गोष्ट. हवा खराब म्हणून तो ठरलेल्या गावाऐवजी दुसऱ्या शहरात उतरला. प्रवासी मंडळींनी त्याच्याशी एक शब्द न बोलता गाड्या बोलावल्या. पुढच्या महिन्यात त्या गिऱ्हाइकानं सांगून ठेवलं की या कॅप्टनला पुन्हा पाठवू नका. कंपनीनं मित्राला शिक्षा केली नाही. फक्त त्या मार्गावरून त्याचं नाव काढलं. त्याच्या जागी गेलेल्या तरुण वैमानिकाला यातून काय कळलं असेल, ते त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नसणार.

"पण कायद्यानं विमानात शेवटचा शब्द वैमानिकाचाच असतो ना?" असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं होतं. असतो. तो अधिकार कागदावर जगभर आहे, आपल्याकडेही आहे. पण अधिकार वापरण्याची किंमत एकट्यानं मोजायची आणि न वापरण्याचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा, अशी मांडणी असेल तर तो अधिकार कितीदा वापरला जाईल? परत फिरल्यावर इंधन जास्त जातं, लांबच्या शहरात उतरण्याचं आणि विमान उभं करण्याचं भाडं पडतं, पुढची फेरी रद्द होते. लहान चार्टर कंपनीत हा खर्च लगेच डोळ्यांवर येतो. जे संकट टळलं त्याची मात्र कुठंच नोंद होत नाही, कारण ते घडलेलं नसतं. वैमानिकाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, किती वेळा उतरलास याचा रकाना असतो. किती वेळा शहाणपणानं परत फिरलास, याचा नसतो.

मोठ्या विमान कंपन्यांनी यावर निदान कागदोपत्री उपाय केला आहे. ठरावीक उंचीवर, साधारणपणे हजार फुटांवर, वेग, दिशा, उतरण्याचा दर, चाकं आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) यांतलं काहीही बिनसलेलं असेल तर गो-अराउंड करायचं, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढायचं आणि त्याबद्दल कुणी जाब विचारायचा नाही. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमानसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासात असं दिसलं की असे बिनसलेले प्रयत्न सुमारे 97 टक्के वेळा तसेच पुढे रेटले जातात. बहुतेक वेळा काही होत नाही आणि म्हणूनच सवय पक्की होते. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला काय झालं ते आपल्या लक्षात आहे. दुबईहून आलेलं विमान, धो धो पाऊस, कॅप्टनसमोरच्या काचेचा वायपर बंद पडलेला. पहिल्या प्रयत्नात त्यांनी परत फिरण्याचा योग्य निर्णय घेतला. दुसऱ्या प्रयत्नात, पाठीमागून वारा असताना, चाकं टेकली तेव्हा जवळपास अर्धी धावपट्टी मागे गेली होती. सहवैमानिकानं 'गो-अराउंड' म्हटलं, पण विमान पुन्हा वर गेलं नाही. 21 जीव गेले. कॅप्टन आपल्या नागपूरचे, हवाई दलात नाव कमावलेले, अतिशय अनुभवी. तपास अहवालानं त्यांची चूक लिहिली आणि त्याचबरोबर दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी त्यांनी कोळिकोडला असणं कसं गरजेचं झालं होतं, तिथं कॅप्टन कसे कमी होते, हेही लिहिलं. ही दुसरी गोष्ट आपल्या बातम्यांत फारशी आलीच नाही. मला मात्र तीच सारखी आठवते. पहिल्यांदा परत फिरताना वैमानिकाच्या बाजूला नियम असतो. दुसऱ्यांदा फिरायची वेळ येते तेव्हा घड्याळ, इंधन, उद्याचं वेळापत्रक आणि मनातली लाज सगळं समोरच्या पारड्यात जाऊन बसतं.

नियम, प्रशिक्षण, सहवैमानिक, मोठी संस्था एवढं सगळं असूनही असं होतं. मग एका इंजिनाच्या किंवा सहा आसनांच्या विमानात, जिथं यातलं अर्धंही नसतं, तिथं सगळा भार एका माणसाच्या धैर्यावर टाकून आपण मोकळे कसे होतो?

28 जून 2018 ची घाटकोपरची दुपार मुंबईकर विसरलेले नसतील. किंग एअर सी-90 जातीचं विमान. आधी ते उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचं होतं, अपघातात नुकसान झाल्यानंतर विकलं गेलेलं आणि कित्येक वर्षं न उडालेलं. दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी ते जुहूहून उडालं आणि जुहूला परतत असताना घाटकोपर पश्चिमेला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळलं. विमानातले दोन वैमानिक आणि दोन तंत्रज्ञ गेले आणि रस्त्यानं चाललेला एक पादचारीही गेला. मजूर जेवणाच्या सुट्टीवर होते म्हणून आकडा पाचवर थांबला. वैमानिकांनी शेवटच्या क्षणी गर्दी टाळली, असं त्या दिवशी खूप बोललं गेलं. त्यांच्याबद्दल आदर बाळगूनच मला म्हणायचं आहे की आपण गौरवात आणि हळहळीत इतके बुडालो की साधे प्रश्न बाजूला राहिले. वर्षानुवर्षं जमिनीवर पडून असलेल्या विमानाची चाचणी ऐन जूनच्या पावसात का? आणि जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एकावरून का? ढग खाली आहेत, चाचणी पुढे ढकला, असं त्या सकाळी कुणी म्हणालं असतं, तर ते ऐकून घ्यायला समोर कोण होतं? जे. आर. डी. टाटा 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले तेव्हा आजूबाजूला मोकळी जमीन आणि समुद्र होता. आज जुहूकडे येणारं प्रत्येक लहान विमान लाखो छपरांवरून येतं. त्या पादचाऱ्यानं कुठलंही तिकीट काढलं नव्हतं. उडायचं की नाही, परत फिरायचं की नाही, हा म्हणूनच त्या विमानातल्या चौघांपुरता खासगी निर्णय राहत नाही.

'मानवी चूक' हे शब्द अहवालात आले की आपल्याकडे फाइल मनातल्या मनात बंद होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघाताचा तपास दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी नसतो, पुन्हा तसं होऊ नये यासाठी असतो. त्यासाठी वैमानिकाच्या हातांच्या मागे जावं लागतं. त्याला हवेची माहिती कुणी दिली? दिली का? विमान उडवा म्हणून किती फोन आले? याआधी त्यानं किती वेळा नकार दिला होता आणि त्याचं पुढे काय झालं? अनेक लहान विमानांत कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्रच नसतं, म्हणून हे प्रश्न जमिनीवरच्या माणसांना विचारावे लागतील. ते विचारले जावेत आणि उत्तरं अहवालात छापली जावीत, एवढी मागणी करायला विमानशास्त्र शिकावं लागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. इतकी काळजी घ्यायची ठरवली तर लहान गावांतल्या धावपट्ट्या बंदच पडतील. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला विमानानं हलवायचं असेल तर काय करायचं? मला धावपट्ट्या बंद नको आहेत, त्या डोळस हव्या आहेत. डोळ्यांनी बघून उतरायचं तर साधारण 5 किलोमीटर दिसायला हवं, असा नियम आहे. पण जिथं हवा मोजणारं यंत्रही नाही आणि माणूसही नाही तिथं किती दिसतंय हे वैमानिकच ठरवतो, म्हणजे ज्याला उतरायची घाई आहे तोच पंच. प्रत्येक धावपट्टीवर स्वयंचलित हवामान केंद्र बसवणं ही विमानतळाच्या खर्चात फार मोठी गोष्ट नाही. त्यापुढची गोष्ट आपल्याच देशानं करून ठेवली आहे. 'गगन' ही उपग्रहांवर चालणारी आपली यंत्रणा विमानाला उतरताना उंचीचंही मार्गदर्शन करते आणि त्यासाठी धावपट्टीवर महागडी यंत्रं लागत नाहीत. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला प्रवासी विमान तिच्या मदतीनं उतरवून दाखवलं गेलं. एवढं हाताशी असताना आपल्या जिल्ह्यांतल्या धावपट्ट्यांवर फक्त नव्या इमारतींच्या फिती कापल्या जाव्यात, हे मला पटत नाही.

परत फिरणंही बिनधोक नसतं, हेही सांगायला हवं. जमिनीजवळ अचानक पूर्ण ताकद देऊन वर जाताना गोंधळून झालेले अपघात आहेत. म्हणूनच त्याचा सराव लागतो, परीक्षेपुरता नाही, नेहमीचा. त्या सकाळी माझ्या मित्रानं त्या मुलाचं लॉगबुक मागून घेतलं. रकाना नव्हताच, म्हणून शेऱ्याच्या जागेत त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आडवा वारा, गो-अराउंड, योग्य निर्णय. खाली सही केली. मुलगा ते बराच वेळ वाचत उभा होता.

चार्टर उड्डाणाच्या प्रत्येक करारात एक कलम सक्तीचं असावं: हवेमुळे न उडणं, परत फिरणं किंवा दुसरीकडे उतरणं याचा खर्च गिऱ्हाईक देईल आणि त्यावरून वैमानिक बदलून मागता येणार नाही. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, हे एका परिपत्रकानं करावं. कंपन्यांनी नकारांची नोंद ठेवावी आणि ज्या कंपनीच्या नोंदीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकही नकार नाही तिची तपासणी आधी व्हावी. पण परिपत्रक निघेपर्यंत थांबायचं कारण नाही. उद्योजक असोत, डॉक्टर असोत, नेते असोत, लहान विमानात बसणाऱ्यांची संख्या मोजकी आहे आणि त्यांतले बरेच जण हे वाचू शकतात. त्यांनी दार लागण्याआधी, पुढे वाकून, सगळ्यांदेखत एवढंच म्हणावं: "कॅप्टन, आज तिथं नाही जमलं तर पुण्याला उतरा. मी गाडीनं जाईन, उशीर झाला तर मी सांभाळून घेईन."